बेचाळीसचं पान

नाना, तू गेल्याची बातमी आपल्या ग्रुपवर तुझ्याच नंबरावरून आली. तुझ्या मुलाने, राजनने, तुझा मोबाइल हातात घेतला आणि लिहिलं, 'आज सकाळी देवाज्ञा झाली.' वर नाव तुझं, फोटो तुझा, फेटा बांधलेला. डोंबिवलीच्या त्या गृहस्थांनी सवयीप्रमाणे अर्ध्या मिनिटात अंगठा वर करून पाठवला. मग चूक लक्षात आल्यावर हात जोडले, मग फुलं पाठवली, मग पणती. देवरूखच्या बाई आजवर देवळांच्या घंटांवरची नावं उतरवून पाठवण्यापलीकडे एक अक्षर लिहीत नव्हत्या. त्यांनी विचारलं, 'वय? तिथी? नोंदीसाठी हवं.' तू असतास तर त्यांच्यावर खूश झाला असतास. माणूस गेला की तुला आधी नोंद आठवायची. रडणं नंतर, आणि तेही इतरांनी.

आता लोक तुझ्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. 'कुळासाठी झिजले' म्हणतात. वंशावळीचं वेड लागलेल्या पाच-सहा म्हाताऱ्यांचा आपला ग्रुप, त्यात तू आमचा पुढारी, त्यामुळे श्रद्धांजलीही वंशावळीसारख्याच येतायत, लांबलचक आणि पहिल्या चार पिढ्यांपर्यंत संशयास्पद. मी त्यात काही लिहिलं नाही. मला जे सांगायचं ते तुलाच सांगायचं आहे, आणि आवाज खाली आणून सांगायचं नाही.

मी कोण ते तुला ठाऊक आहे, पण तुझ्या पुस्तकाची भाषा वापरायची तर: शालिनी, चुलत बहीण, नऊ वर्षांनी धाकटी, निवृत्त ग्रंथपाल, अविवाहित. पान एकशे बारा. नावापुढे काळं टिंब.

टिंबाचा नियम तुझा. ज्याला मूलबाळ नाही त्याच्या नावापुढे टिंब, म्हणजे 'शाखा येथे संपली.' माझ्या वडिलांना मी एकटी मुलगी, आणि मुलीपुढे शाखा न्यायची नाही, म्हणून त्यांनाही टिंब. पहिलं प्रूफ आलं तेव्हा मी तुला म्हटलं होतं, "नाना, मी अजून जिवंत आहे. निदान मरेपर्यंत तरी टिंब थांबव."

"काय गो शाले," तू चष्मा कपाळावर सरकवून म्हणालास, "आता या वयात तू काय करणार आहेस?"

तू हसलास, मीही हसले. चहा झाला. पण त्या दिवशी तू घरी गेल्यावर मी पान एकशे बारा पुन्हा काढून पाहिलं. छपाईत टिंब जरा मोठं आलं होतं. माशी बसल्यासारखं.

पुस्तक आलं त्याचा सोहळा तू भाट्याला, समुद्राकाठच्या त्या हॉलमध्ये केलास. मुंबईहून दोन बसगाड्या भरून भाऊबंद आले. फेटे बांधायला माणूस सांगितला होता, आणि त्याने डोकं दिसेल तिथे फेटा बांधला. व्यासपीठावरच्या पाहुण्यांनी आपलं आडनाव तीन वेळा उच्चारलं आणि तिन्ही वेळा वेगळं. मुखपृष्ठावर आपला मूळ पुरुष गलबताच्या नाळेवर उभा, कमरेला तलवार, नजर क्षितिजावर. 'आरमारातील सरदार.' चित्रकाराला नमुना हवा होता, तर तू स्वतः दोन तास उभा राहिलास. त्यामुळे मूळ पुरुषाला तुझं नाक आहे. आपल्याला मिळालेल्या एकूण एक कागदात तो तांडेल म्हणून येतो, मीठ आणि सुकी मासळी मुंबईला नेणारा. सरदाराचा कागद कुठे आहे असं मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, "कागद नाय म्हणजे सरदार नव्हता, असा तरी कागद हाय का?"

इतक्या वर्षांत तुझ्या तोंडून ऐकलेलं हे सर्वांत प्रामाणिक संशोधन.

त्याच सोहळ्यात मागच्या रांगेत दत्ताराम बसला होता. फेटा त्यालाही बांधला होता.

दत्ताराम नसता तर तुझं पुस्तक निम्म्याहून कमी झालं असतं. खेडचा, आपल्याच आडनावाचा, एसटीत कंडक्टर. वस्तीची गाडी घेऊन ज्या गावाला जाई तिथल्या म्हाताऱ्यांकडून सकाळी गाडी सुटायच्या आत वंशावळ उतरवून घेई. निवृत्तीच्या आधी मोडी शिकला. तुला मोडी येत नव्हती. तीस वर्षं सरकारी दप्तरखान्यात काढून तुला मोडीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि ही गोष्ट तू मी आणि तो सोडून कुणाला कळू दिली नाहीस. तू फोटो काढून पाठवायचास, तो दोन दिवसांत बाळबोध करून परत पाठवायचा, खाली न चुकता 'काही राहिले असल्यास कळवावे.' आठ वर्षं. त्याने कशाचीही अपेक्षा केली नाही, एक सोडून. त्याच्या घरातली माणसं म्हणायची की त्यांचंही मूळ आपल्यासारखं मांडवीचं. पाच पिढ्यांमागे राघोजी नावाचा कुणीतरी तिथून उठून खाडीने वर खेडला आला आणि पुन्हा समुद्राकडे गेला नाही. शिमग्याला त्यांच्या घरात एक नारळ 'मांडवीचा' म्हणून देवापुढे वेगळा ठेवतात. फोडत नाहीत, कुणाला देत नाहीत, वर्षभर तसाच. दत्तारामला एवढंच हवं होतं की त्याच्या म्हाताऱ्या बापाचं नाव या पुस्तकात कुठेतरी लागावं.

"नारळ काय, कोणीही ठेवील," तू म्हणालास. "पुरावा आण."

आणि पान नऊवर छापलंस: 'खेड येथे आपल्या आडनावाची काही घरे आहेत. त्यांच्याशी आपला रक्ताचा संबंध आढळत नाही.'

सोहळ्यात त्याचा सत्कार केलास. 'मोडी वाचन साहाय्य.' शाल आणि नारळ. नारळ हातात घेऊन त्याने तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मिळाला म्हणायचा नाना, नारळ शेवटी." लोक हसले. तू सगळ्यांत मोठ्याने हसलास. मी तुझ्या शेजारी उभी होते आणि माझ्या हातात पुढच्या सत्कारमूर्तीची शाल होती. तेव्हा तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मीही नाही.

कारण बेचाळीसचं पान मी वाचलेलं होतं.

वही तुमच्या घरातली. शिमग्यात देवीची पालखी वाडीत येते, तिला पहिला नारळ आपल्या कुळाचा, आणि आपल्या कुळात तो तुमच्या घराचा. कुणी कोणत्या वर्षी नारळ दिला याची ती वही. जुनी पानं मोडीत, अलीकडची बाळबोध. तू सगळ्या पानांना पेन्सिलीने आकडे घातलेस, एकेकाचा फोटो काढून दत्तारामला पाठवलास. एक्केचाळीसनंतर त्रेचाळीस.

त्याचा निरोप आला. 'नाना, बेचाळीस राहिले.'

तू उत्तर दिलंस, 'कसर लागली आहे. वाचण्यासारखे नाही.'

त्याने पुन्हा विचारलं नाही. आयुष्यभर तिकिटांचे नंबर जुळवलेला माणूस. एक नंबर गळाला तर संध्याकाळी वेबिल जुळत नाही आणि कंडक्टरला घरी जाता येत नाही, हे त्यानेच आपल्याला एकदा रंगवून सांगितलं होतं. असा माणूस गप्प बसला म्हणजे त्याला कळलं होतं. आपण मात्र त्याला कळलं नाही असं धरून चाललो.

मला अजून कळत नाही, नाना, तू आकडे का खोडले नाहीस. त्रेचाळीसचं बेचाळीस, चव्वेचाळीसचं त्रेचाळीस. पेन्सिल होती. पाच मिनिटांचं काम. पण दप्तरखान्यातला माणूस तू. खोटं बोलायला तयार, घातलेला आकडा खोडायला तयार नाही. तुझ्यातलं जे काही चांगलं होतं ते सगळं असं चुकीच्या जागी होतं.

ते पान तू माझ्याकडे आणलंस. शिलाई सुटलेलं, पंचांगात घालून. तुला ते वाचता येत नव्हतं, पण 'हे पान बाहेरच्याला दाखवू नको' असं तुझे वडील सांगून गेले होते, एवढं तुला ठाऊक होतं. मी निवृत्त झाल्यावर मोडीचा वर्ग केला होता, माझं मोडी दत्तारामइतकं सफाईचं नाही, पण चालतं. आपण मांडवीला जेट्टीवर बसलो होतो, उन्हं उतरताना. "वाच," तू म्हणालास. "आणि हळू वाच."

मी वाचलं. 'वडील घर राघोजी तांडेल खेडेस गेले. ते अगर त्यांचे कोणी माघारी येत तोंवर नारळ धाकट्या घराने द्यावा. आले म्हणजे त्यांचा त्यांस द्यावा.'

तू पान माझ्या हातातून घेतलंस. शेजारच्या बाकावर कुणीतरी भेळ खात होतं. मग म्हणालास, "म्हणजे आपण राखणदार."

"पाच पिढ्यांचे," मी म्हटलं.

"राजनला एक मुलगी. खेडच्या घरात पोरं किती हायत तुला ठाऊक हाय?" तू घाईने म्हणालास. "दत्तारामला तीन. त्याच्या भावाला दोन. नारळ एकदा तिकडे गेला म्हणजे गेला गो. मग आमच्या घरात काय राहिलं? भिंती?"

"आणि दत्तारामचा बाप?"

"त्याला काय कळतंय. त्याला वाचायलासुद्धा येत नाय."

तू पान घडी करून परत माझ्या हातात दिलंस. "तुझ्याकडे ठेव. माझ्याकडे असलं तर मी जाळीन." आणि हेही म्हणालास, "कुणाला बोलू नको."

मी चार वर्षं बोलले नाही. यात तुझा दोष काढायला मी बसलेली नाही. तू मला धमकी दिली नव्हतीस, लाच दिली नव्हतीस. तू रोज चार वाजता माझ्याकडे चहाला येत होतास. बस. माझ्या दारात रोज येणारं दुसरं माणूस दूधवाला. मी जर ते पान बाहेर काढलं असतं तर चार वाजता कुणी आलं नसतं. एका माणसाचं घराणं मी दिवसाच्या एका कप चहासाठी माझ्या कपाटात चार वर्षं कोंडून ठेवलं. सरदाराच्या तलवारीवर मी इतके विनोद केले, पण त्या कपाटाची किल्ली माझ्याच कमरेला होती.

चहाचं म्हणशील तर तो मात्र मी खोटा म्हणणार नाही. मी निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी तू कागदांची पिशवी घेऊन आलास आणि म्हणालास, "हे लाव. नाय तर डोक्याला गंज चढेल तुझ्या." तुझ्याबरोबर मी किती घरं पालथी घातली. एखाद्या घरी गेलं की ओटीवरचे पुरुष पदव्या आणि मानपान सांगत बसायचे. तू मान डोलवायचास आणि मला कोपराने ढोसायचास, "तू आत जा. खरं आत मिळेल." आतल्या बायकांना ठाऊक असायचं कोण कुणाचा, कोण कशाने गेला, कुणाला दिवस राहिले होते आणि कुणाचं नाव घ्यायचं नाही. मी ते उतरवून आणायची आणि तू ओटीवरचं खोडून आतलं लिहायचास. माझी आई गेली तेव्हा सगळे एकमेकांकडे बघत उभे होते, अग्नी कोण देणार म्हणून. तू चपला काढल्यास आणि पुढे झालास.  त्या दिवशी तू माझ्यासाठी जे केलंस त्याची नोंद कुठल्या वहीत नाही, आणि मी ते विसरलेली नाही. विसरता आलं असतं तर हे सगळं फार सोपं झालं असतं.

पण दवाखान्यातलं शेवटचं बोलणंही मी विसरलेली नाही.

दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं तू उशाशी घेऊन पडला होतास. नळी नाकात, पेन हातात. मी म्हटलं, "नाना, पान नऊ बदलूया आता."

"पुरावा?" तू म्हणालास. माझ्या तोंडावर. ज्या पुराव्यावर मी चार वर्षं कुलूप घालून बसले होते त्याच्याबद्दल तू मला विचारलंस, पुरावा?

माझा तोल गेला. मी प्रूफ ओढून घेतलं, राजनचं पान काढलं आणि तुझ्यासमोर धरलं. "मग नियम सगळ्यांना सारखा. राजनला मुलगा नाही. मुलीपुढे शाखा नेत नाहीस, माझ्या वडिलांपुढे नेली नाहीस. राजनच्या नावापुढे टिंब घालू? का तू स्वतः घालतोस? पेन आहे हातात."

वहिनी म्हणाल्या, "शालूताई, अहो काय हे!"

तू भिंतीकडे तोंड केलंस. मी जाईपर्यंत वळला नाहीस. दोन दिवसांनी तुझ्या नंबरावरून तो निरोप आला.

मी माफी मागणार नाही. तू माझ्या जागी असतास तर तूही मागितली नसतीस. पण पेन तू घट्ट धरलं होतंस आणि बोटं पांढरी पडली होती, एवढं मला दिसलं, ते तुला सांगून ठेवते.

तू गेलास तो दिवस होळीच्या आधी सहा दिवस. म्हणजे ऐन शिमग्यात आपल्या सगळ्या भावकीला दहा दिवसांचं सुतक. ना देवाला हात, ना पालखीला. ज्या नारळासाठी तू हे सगळं केलंस तो यंदा आपल्या कुळातल्या कुणाला देता येणार नव्हता, आणि ते तुझ्यामुळेच. मी देवाला मानणाऱ्यांतली नाही, पण देवीला विनोद कळतो एवढं मान्य करते.

तिसऱ्या दिवशी सकाळी दत्ताराम आला. पहिल्या गाडीने. डोक्याला टोपी नाही, पायांत चपला नाहीत. बाहेर खळ्यात खुर्च्या मांडल्या होत्या, तिथे भेटायला आलेल्या माणसांत बसला. वहिनींनी रीत म्हणून आतून चहा पाठवला. सुतकाच्या घरात बाहेरचं माणूस पाणीसुद्धा घेत नाही, त्यामुळे ट्रे फिरला तसे सगळे "नको नको" म्हणत गेले. दत्तारामने कप उचलला. बशीत ओतून, फुंकर घालून, सावकाश प्याला, आणि रिकामा कप स्वतः नेऊन मोरीत ठेवला.

राजन माझ्या कानाशी म्हणाला, "आत्या, त्यांना आपल्या पद्धती माहीत नाहीत वाटतं."

"माहीत आहेत," मी म्हटलं.

दुपारी गावकी बसली. आपण सुतकी म्हणून देवळात नाही, शाळेच्या पडवीत. अध्यक्ष विलासराव, जे लग्नपत्रिकेवर निमंत्रक म्हणून सही करतानाही खाली 'अध्यक्ष' लिहितात, त्यांनी मला वही आणि पुस्तक घेऊन बोलावलं होतं. राजन होता. दत्तारामला परतीची गाडी संध्याकाळची, म्हणून तोही मागे येऊन बसला होता.

"प्रश्न असा हाय," विलासराव म्हणाले, "नारळ या कुळाचा. दुसऱ्या कुळानं दिलेला देवी घेत नाय. आणि या कुळाला तर सुतक. मग करायचं काय?"

"गुरवाला द्यायला सांगा," कोणी म्हणालं.

"गुरव या कुळातला हाय काय?"

मग विलासरावांनी माझ्याकडून पुस्तक मागून घेतलं, चाळलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा प्रकाश पडला की मला पुढचं सगळं आधीच कळलं. त्यांनी पान नऊ मोठ्याने वाचलं. 'आपल्या आडनावाची काही घरे आहेत. रक्ताचा संबंध आढळत नाही.'

"बघा!" ते म्हणाले. "नानांनीच लिवून ठेवलंय. खेडवाले. आडनाव तेच, कुलदैवत तेच, आणि सुतक नाय! आणि माणूस हितं हजर. देवीनंच धाडला म्हणायचा. काय दत्तारामभाऊ? यंदाचा नारळ तुमी द्यायचा."

पडवीत लोकांना एकदम हायसं वाटलं. दोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. राजनने माझ्याकडे पाहिलं, मी वहीकडे. बेचाळीसचं पान माझ्या पर्समध्ये होतं. ते काढायचं म्हणून मी आणलं होतं, नाना, आणि काढलं नाही. सत्तरीच्या घरात आलेली बाई, आयुष्यभर दुसऱ्यांच्या ढोंगावर हसलेली, आणि पर्सची चेन उघडता आली नाही.

दत्ताराम उठला. त्याने हात जोडले.

"आमाला सुतक हाय," तो म्हणाला.

कुणाला काही कळेना. "अहो, पुस्तकात काय म्हटलंय..." विलासराव म्हणाले.

"पुस्तक नानांचं. सुतक आमचं. घरातनं निघताना देव झाकून आलोय. पोरांनी पण धरलंय." तो जरा थांबला. "सात पिढ्यांच्या आत दहा दिवस. आमची पाचवी."

"तसा काय पुरावा?"

"पुरावा असता तर मग नानांनी घातलं असतं की पुस्तकात," दत्ताराम म्हणाला. आवाजात काही नव्हतं. राग नाही, टोमणा नाही. त्यामुळेच ते मला ऐकवेना. आणि तो खाली बसला.

आठ वर्षं त्या माणसाने वाट पाहिली. नारळ त्याच्या हातात ठेवायला अख्खी गावकी तयार होती. अट एवढीच, की तू आमचा कुणी नाहीस हे कबूल कर. तू रचलेला सापळा होता हा, नाना, तुला ठाऊक नसताना रचलेला, आणि तो चालत येऊन त्याच्या कडेला उभा राहिला, आत बघितलं आणि बाजूने गेला.

गावकी काही न ठरता उठली.

मी त्याला म्हटलं, गाडीला वेळ आहे, मांडवीला चला. जेट्टीवर त्याच बाकावर बसलो. आता मात्र मी चेन उघडली आणि पान त्याच्या हातात दिलं. त्याने ते गुडघ्यावर पसरलं, तळहाताने सारखं केलं. वाचायला त्याला माझ्या निम्माही वेळ लागला नाही. मग पुन्हा वाचलं. मग पान उलटं करून मागची बाजू पाहिली, कडा पाहिल्या, उजेडाकडे धरून पाहिलं.

"कसर लागलेली नाय, ताई," तो म्हणाला.

मी तुझं नाव सांगू शकले असते. तू गेलेला होतास, तुला काही लागणार नव्हतं. मी म्हटलं, "चार वर्षं माझ्याकडे होतं."

त्याने पान पुन्हा गुडघ्यावर ठेवलं. समुद्राला ओहोटी होती. त्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला काहीतरी स्वतःहून सांगितलं. "बापाला वाचायला येत नव्हतं. पुस्तक घेऊन घरी गेलो तवा तो म्हणाला, वाच. मी वाचलं. पानावर नव्हतं ते वाचलं. राघोजी, मग त्याचा हा, मग त्याचा हा, आणि खाली तुमी, बाबा. म्हातारा म्हणाला, पुन्ना वाच. तीनदा वाचलं. दोन महिन्यांनी गेला तो." पानावर बोट ठेवून तो म्हणाला, "खोटं वाचलं नव्हतं म्हणजे."



मग त्याने पानाची जुनी घडी होती तशीच घातली आणि मला परत दिलं. मी घेईना. "तुमचं आहे," मी म्हटलं.

"वहीचं हाय," दत्ताराम म्हणाला. "बेचाळीस नंबरला लावा. नंबर तुटतो."

आज तुझा बारावा झाला. जेवायला खूप माणसं होती आणि तुझा फेट्यातला फोटो. पालखी येऊन गेली, आपल्या वळणावर क्षणभर थांबली, खांदे बदलले आणि पुढे गेली. नारळ कुणीच दिला नाही. प्रुफं माझ्याकडे आहेत. पान नऊ मी काढलं आहे. राघोजीपासून दत्तारामच्या बापापर्यंत चार नावं आणि पाचवं दत्तारामचं, अशी वर चढवली, मोठ्या फांदीवर, तुझ्या फांदीच्या वर. राजनच्या नावापुढे टिंब घातलेलं नाही. माझ्या नावापुढचं तसंच ठेवलंय. ते मी कमावलं आहे.

आणि वही राहिली होती. दर शिमग्याची नोंद व्हायला हवी, तुझाच नियम, वर्ष कोरं जाता कामा नये. लिहायचा मान नारळ देणाऱ्या घराचा. बेचाळीसचं पान मी सुईदोऱ्याने जागी शिवलं आणि बाराव्याला आलेल्या दत्तारामपुढे वही ठेवली. राजन तिथेच उभा होता. त्यानेच खिशातलं पेन काढून दिलं. तुझंच पेन.

दत्तारामने लिहिलं, 'यंदा दोन्ही घरांस सुतक. नारळ दिला नाही.' सही केली नाही. एक ओळ सोडली आणि वही मिटली.

त्याने ते मोडीत लिहिलं आहे, नाना. वाचून घ्यायचं असेल तर तुला त्यालाच विचारावं लागेल.